अजगराचं दुसरं बारसं

समारंभातून घरी आणलेल्या पिशवीत अंडं होतं की नव्हतं, हे विचारायला जावातल्या योग्याकार्तात कोणी कोणाच्या दारात जात नाही.

त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातलं मीठ संपलं.

गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाच्या ओट्यावर पक्ष्याचा एक पिंजरा टांगलेला असतो. एकाच्या नसतो.

मूल जेवत नसेल तर आधी त्याचं नाव तपासावं. पोट नंतर.

जुन्या पद्धतीचा पिवळा, तापणारा बल्ब आता दुकानात मिळत नाही. तो फक्त कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्यांकडे असतो, आणि ते लोक सल्ल्याशिवाय बल्ब देत नाहीत.

अजगराला पापण्या नसतात. त्यामुळे तो झोपलाय की तुमच्याकडे बघतोय, हे कळायला मार्ग नाही.

*

पाक मार्दियो वॉर्ड कचेरीत रहिवासाचे दाखले देत. (इथे मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बु'; नवरा-बायकोही एकमेकांना तसंच.) अमुक माणूस अमुक घरात खरोखर राहतो, असं कागदावर लिहून त्याखाली शिक्का मारत. त्यांचा शिक्का उमटला की माणूस राहू लागे; तोवर तो नुसताच तिथे असे. अशा वजनदार माणसाने भर दुपारी स्कूटरच्या हुकाला एक कापडी पिशवी लटकवून घरी यावं आणि पिशवीत काय आहे ते बायकोला सांगायचं धाडस होईना म्हणून ओट्यावरच घुटमळत बसावं, हे काही शोभत नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते कळत होतं. म्हणून ते ओट्यावर कचेरीत बसतात तसे ताठ बसले होते.

"पिशवीत काय आहे?" आतून बायकोने, वुर्यानीने, विचारलं.

"काही नाही."

"मग ते हलतंय कशाला?"

पिशवीत अजगराचं पिल्लू होतं. हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड, काळपट अंगावर सोनेरी ठिपक्यांची नक्षी. घाबरलं की डोकं पोटाशी घेऊन चेंडूसारखं गोल होणारं. जात आफ्रिकेतली, जन्म शेजारच्या स्लेमानमधला. म्हणजे कचेरीच्या दृष्टीने स्थानिकच.

का आणलं, हे मात्र पाक मार्दियोंना नीट सांगता आलं नसतं. गल्लीत सगळ्यांकडे पक्षी होते. पक्षी घुमतो, स्पर्धेला जातो, हरतो, आणि मग तो का हरला यावर महिनाभर चर्चा चालते. त्यांना चर्चा नको होती. आणि दुसरं म्हणजे, घरातला सोफा बायकोने निवडला होता, स्कूटर जावयाने, चष्म्याची फ्रेम चष्मेवाल्याने. हे पिल्लू त्यांनी कोणालाही न विचारता, निव्वळ स्वतःला हवं म्हणून आणलं होतं, आणि ते इतकं छोटं होतं की चहाच्या कपात मावलं असतं. हे परत करायची पाळी आली तर पुन्हा आयुष्यात काही आणायची हिंमत आपल्यात उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वुर्यानीने पिशवीत डोकावून पाहिलं. ती गल्लीतल्या समारंभांची जेवणं करून द्यायची, त्यामुळे कुठल्याही नव्या गोष्टीकडे ती आधी एकाच नजरेने बघायची.

"हे खातं काय?"

"उंदराची पिल्लं. गोठवलेली मिळतात. आणलीत मी."

"आणि ती ठेवणार कुठे?"

पाक मार्दियोंनी फ्रीजकडे पाहिलं नाही. पण न पाहताना ते इतके अवघडले की तिला कळलं.

"माझ्या फ्रीजमध्ये? बाक्सोच्या, खिम्याच्या गोळ्यांशेजारी?"

"डब्यात घालून, बु. झाकण अगदी घट्ट आहे."

वुर्यानीने पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. मग भिंतीवरच्या फडक्याला हात पुसत म्हणाली, "हे बघा पाक, माझ्या घरात जो राहील तो जेवेल. ताटाला हात न लावणारा मला घरात नको, मग तो माणूस असो नाही तर हा. आज पोन आहे. दोन पोन होईपर्यंत याने खाल्लं तर राहू दे. नाही खाल्लं, तर त्याच पिशवीतून परत."

पोन हा जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वार. म्हणजे पाक मार्दियोंना दहा दिवसांची, साध्या आठवड्याहून थोडी जास्त मुदत मिळाली. ते मनातून खूश झाले. दाखल्यांच्या अर्जाला ते स्वतः इतकी मुदत कधी देत नसत.

*

विकणाऱ्या पोराने, मास बिमोने (मास म्हणजे दादा), हातावरचा गोंदलेला नाग समोर धरून तीन नियम सांगितले होते: पहिला आठवडा हात लावायचा नाही, सारखं बघायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही. पिल्लाला आधी घर आपलं वाटलं पाहिजे. मगच खायला द्यायचं.

पाक मार्दियोंनी हे तीनही नियम पहिल्या संध्याकाळी, चहाच्या आधी मोडले.

दाखवलं ते समोरच्या पाक हर्योनोंना. हे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, ते म्हणजे शरीराची ऊब बरोबर नसणं. प्लास्टिकचा पारदर्शक डबा, झाकणाला तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाडलेली भोकं, कोपऱ्यात पाण्याची वाटी, लपायला उपडी करवंटी, असा थाट पाहून त्यांनी मान हलवली.

"थंडी वाजतेय त्याला."

"कशावरून, पाक?"

"मला वाजतेय ना!"

त्यांनी कोंबडीची पिल्लं वाढवायच्या खुराड्यातला पिवळा बल्ब आणला आणि स्वतःच्या हाताने डब्यात टांगला. त्या बल्बच्या वायरीमुळे झाकण एका कोपऱ्यात बसेना. पाक मार्दियोंनी वर वही ठेवली. वही घसरली. डिक्शनरी ठेवली. तीही घसरली. शेवटी स्वयंपाकघरातून सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा, वाटायचा दगडी खल आणून त्यांनी झाकणावर ठेवला. झाकण बसलं. आपण एक तांत्रिक प्रश्न सोडवला, या समाधानात ते त्या रात्री गाढ झोपले.

नाव ठेवलं: कांजेंग नागाविजया. राजवाड्यातल्या पदव्यांच्या चालीवर. हे नाव त्यांनी एका कार्डावर वळणदार अक्षरात लिहून डब्याला चिकटवलं. वुर्यानीने ते वाचलं आणि विचारलं, "याला रोज एवढं बोलवायचं?"

*

गल्लीत 'नाही' म्हणायची पद्धत नाही. हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. इथे माणूस हरकत घेत नाही. तो येतो, बसतो, चहा घेतो आणि नाल्याबद्दल बोलतो.

दुसऱ्या संध्याकाळी गल्लीचे प्रमुख पाक जुमादी आले. आरटी हे गल्लीप्रमुखाचं पद, म्हणून त्यांना सगळे पाक आरटी म्हणत. ते बसले, त्यांनी चहा घेतला. नाल्यात गाळ किती साचलाय, कोणाच्या घरासमोर जास्त साचलाय, मागच्या वर्षी किती साचला होता, हे सगळं झालं. दुसरा चहा झाला. मग उठता उठता, चपलेत पाय घालताना, ते म्हणाले:

"ऐकलं, तुमच्याकडे पाहुणे आलेत."

"हो. म्हणजे छोटेसेच."

"माझी काहीच हरकत नाही हं. उगाच लोकांच्या तोंडी नको म्हणून आपलं. चोवीस तासांहून जास्त राहणाऱ्याची नोंद करावी लागते. तुम्ही तर कचेरीतलेच, तुम्हाला काय सांगायचं."

आता झाली पंचाईत. पाक आरटींच्या नोंदवहीत तीनच रकाने होते: पाहुणा, भाडेकरू, घरकामाला ठेवलेला माणूस. अजगर भाडं देणार नव्हता आणि भांडी घासणार नव्हता. राहता राहिला पाहुणा. पण पाहुण्याची नोंद एका दिवसापुरतीच चालते. तेव्हा रोज संध्याकाळी पाक मार्दियोंनी पाक आरटींच्या घरी जाऊन पाहुणा अजून आहे असं सांगायचं आणि नोंद वाढवून घ्यायची, असं ठरलं. सगळ्या वॉर्डाला कायमचं वसवणारा माणूस रोज हातात केळ्यांचा घड घेऊन, आपल्या घरात कोण राहतं याची परवानगी मागायला जाऊ लागला. पहिल्या दिवशी पाक आरटींच्या बायकोने, बु आरटींनी, त्यांना ओट्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशीही ओट्यावरच. आत कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं नाही याबद्दल मात्र बु आरटींनी तीन तीनदा माफी मागितली.

गल्लीच्या फोनवरच्या गटात त्या दिवशीचा संवाद असा:

बु आरटी: कोणाकडे मीठ आहे का? दुकानातलं संपलंय. विशेष काही नाही, सहज.

पाक हर्योनो: माझ्याकडे दोन पुड्या. सहज आणून ठेवल्यात.

वुर्यानी: आमच्याकडे भरपूर आहे. या घेऊन.

(यानंतर दुपारपर्यंत गटात कोणीही काही लिहिलं नाही.)

पाक आरटी: रविवारी नालेसफाई.

मिठाची रेषा साप ओलांडत नाही असं गल्लीचं मत होतं. सकाळी पाक मार्दियो कचेरीला निघाले तेव्हा प्रत्येक कुंपणाच्या कडेने बारीक पांढरी रेघ दिसत होती. आपापल्या फाटकात उभी असलेली माणसं त्यांना बघून हातातली पुडी मागे लपवत होती. "झाडांना घालतोय," पाक हर्योनो म्हणाले. त्यांच्या दारात झाड नव्हतं.

*

आणि नागाविजया खाईना.

बिमोने आठवडाभर थांबायला सांगितलं होतं, पण मुदत बायकोने दिली होती, आणि लग्न बिमोशी झालं नव्हतं. पाक मार्दियो तिसऱ्या दिवसापासूनच कामाला लागले. उंदराचं गोठलेलं पिल्लू कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं असतं. त्यांनी ते वुर्यानीच्या कॉफीच्या मगात भिजवलं. मग नवा आणावा लागला. पिल्लू धरायला चिमटा हवा, म्हणून त्यांनी स्वतःचा हनुवटीचे केस उपटायचा चिमटा घेतला. त्या दिवसापासून त्यांनी दाढी राखायला सुरुवात केली.

चिमट्यातलं पिल्लू नागाविजयाच्या नाकासमोर हलवलं की तो एक क्षण बघे, जीभ एकदा बाहेर काढे आणि अत्यंत सभ्यपणे डोकं फिरवून घेई. जणू म्हणत होता, नको हो, झालंय माझं. पाक मार्दियोंना हा नकार फार लागला. कचेरीत ते स्वतः लोकांना असंच परत पाठवत.

त्यांनी जागा बदलून पाहिली. उजेड कमी करून पाहिला. मग कुठेसं वाचून, दार लावून, डब्यामागे उकिडवं बसून "चीं चीं" असा आवाज काढून पाहिला. जरा वेळाने दारावर टकटक झाली.

"पाक."

"काय?"

"आत उंदीर आहे की तुम्ही?"

"मी आहे."

"बरं. मग औषध नको टाकायला," असं म्हणून वुर्यानी निघून गेली.

पुढे कोणी विचारलं की ते सांगत, पिल्लाची प्रकृती उत्तम आहे, फक्त ते विचारपूर्वक जेवतं. पण पहिला पोन आला आणि गेला. ते डब्यासमोर बसून राहत. आत ते गोल गोल बसलेलं आणि बाहेर हे. त्यांना वाटे, त्याला घर आपलं वाटत नाहीये. वाटावं तरी कसं? रोज संध्याकाळी कोणीतरी ते अजून पाहुणाच असल्याचं लिहून घेत होतं.

*

नावाचं निदान केलं म्बाह सिनेमनी. म्बाह म्हणजे आजी; गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्या मीठ मागायला आल्या होत्या, आणि कशासाठी हवंय ते त्यांनी सरळ सांगितलं, कारण त्या वयात 'सहज' म्हणायला वेळ नसतो.

"तुझ्या सापासाठी. पण दुकानात नाहीये, तर तुझ्याकडूनच आणा म्हणाली माझी सून. जेवतो का तो?"

"नाही ना, म्बाह."

"नाव काय ठेवलंयस?"

पाक मार्दियोंनी सांगितलं. कार्ड दाखवलं. म्हातारीने कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, एवढंसं पोर आणि एवढं ओझं! मान तरी कशी उचलेल ते? माझ्या पुतण्याचं नाव ठेवलं होतं सूर्योनगोरो. अंगी लागेना, रात्रंदिवस रडायचा. तुकिमिन केलं. आता दारातून आडवा होऊन आत येतो! नाव झेपत नसेल तर पोर खात नाही. नाव बदल."

पाक मार्दियो शिकलेले गृहस्थ होते. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की खीर आधी लाल वाटायची की पांढरी.

नाव बदलायचं म्हणजे तांदळाची लाल-पांढरी खीर करून घरोघर वाटायची असते. हे बायकोला सांगायला ते स्वयंपाकघरात गेले. ती भडकेल, हसेल किंवा दोन्ही करेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण वुर्यानीने नुसता चुलीचा जाळ बारीक केला.

"करायचं तर रीतसर करू. नुसती खीर वाटून कसं चालेल? खीर खाल्ली की लोकांना बघायला यावंच लागतं. मग त्यांना घरी न्यायला पिशव्या द्याव्या लागतील. भात, कोंबडी, सोयाबीनचे तेंपे, सांबाल, अंडं. पोनच्या दिवशीच करू."

"मुदतीच्या दिवशी?"

"हो. त्या दिवशी मी रिकामी आहे."

नवं नाव ठरलं बेजो. हलकंफुलकं, नशीबवान. कार्ड काढलं. डब्यावर गोंदाचा डाग तेवढा राहिला.

*

पोनच्या सकाळी खीर वाटली गेली. गल्लीत आता कठीण प्रसंग उभा राहिला. सापाच्या घरची खीर परत करणं म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणणं. तेव्हा सगळ्यांनी ती खाल्ली. आणि खाल्ल्यावर बाळाला बघायला जाणं आलंच. आणि बाळाला बघायला रिकाम्या हाताने कसं जायचं? दुपारच्या नमाजानंतर गल्ली पाक मार्दियोंच्या घराकडे निघाली, ती साबणाच्या वड्या, साखर, चहापत्ती आणि बाळाच्या पोटाला चोळायचं तेलोन तेल घेऊन. पाक हर्योनोंनी कानटोपी आणली. ऊब!

त्याच्या थोडं आधी पाक मार्दियो डब्याजवळ गेले, बेजोला जरा ठीकठाक करावं म्हणून. डबा मधल्या खोलीत चटईवर होता. शेजारी वाटायच्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, त्यांतून गरम भाताची वाफ येत होती. त्यांनी करवंटी उचलली.

करवंटीखाली करवंटीची सावली होती.

त्यांनी पाण्याच्या वाटीखाली पाहिलं, जिथे काही मावणं शक्य नव्हतं. मग झाकणाकडे पाहिलं. वायरीच्या कोपऱ्यात बोटभर फट होती, आणि वरचा दगडी खल गायब होता. स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज येत होता. वुर्यानी त्या खलात सांबाल वाटत होती.

बाहेर चपला काढल्याचे आवाज आले.

अशा वेळी थोर माणूस काय करतो ते इतिहासात लिहिलेलं असतं. पाक मार्दियोंनी करवंटी पुन्हा उपडी ठेवली, झाकण लावलं आणि दारात जाऊन म्हणाले, "या, या. आत्ताच झोपलाय."

पाहुणे एकेक करून डब्यावर वाकले. करवंटी बघू लागले.

"किती शांत आहे हो," पाक आरटी म्हणाले.

"बापावर गेलाय," म्बाह सिनेम म्हणाल्या.

"मला शेपटी दिसली," पाक हर्योनो म्हणाले. पहिल्यापासून ऊब त्यांनी दिली असल्यामुळे त्यांना बाकीच्यांहून जास्त दिसणं भाग होतं.

"मला डोळे दिसले," बु आरटी एक पाऊल मागे सरकत म्हणाल्या. "माझ्याकडेच बघत होते."

यानंतर आलेल्या प्रत्येकाला डोळे आणि शेपटी दोन्ही दिसलं. एकाला तर तो हसलेला दिसला. पाक मार्दियो घामाने निथळत "हो, हो" म्हणत होते, आणि मधूनच त्यांना स्वतःलाही शंका येत होती की आपणच नीट पाहिलं नसावं.

पाक आरटींनी प्रार्थना केली. कोणासाठी, हा नाजूक प्रश्न होता. ते म्हणाले, "या घरात जे जे कोणी राहतात, त्या सगळ्यांचं भलं होवो." म्हणजे नोंदवहीत काहीही असो, प्रार्थनेत त्यांनी बेजोला रहिवासी केलं होतं. एरवी पाक मार्दियोंना यावर फार आनंद झाला असता.

मग पिशव्या वाटल्या. रीतीप्रमाणे यजमानाने, दोन्ही हातांनी, मान लववून. सगळे गेले. वुर्यानी सांबालाचे हात पुसत बाहेर आली.

"बु," पाक मार्दियो म्हणाले, "तो डब्यात नाहीये."

"केव्हापासून?"

"सगळे बघत होते तेव्हापासून."

वुर्यानीने रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्या, आता मोकळ्या झालेल्या चटईकडे पाहिलं. चटई अजून गरम होती.

"पाक, पिशव्या इथेच होत्या ना हो?"

*

दिलेली पिशवी परत मागणं शक्य नव्हतं. ती उघडून दाखवा म्हणणं त्याहून वाईट. आणि त्यात काय गेलंय हे सांगितलं असतं तर त्याच दिवशी मीठ नव्हे, मिठाची गाडी आली असती. स्कूटरवर घालायचं जॅकेट अंगात अडकवून पाक मार्दियो निघाले. पहिल्या दाराशी पोचेपर्यंत त्यांना एकच सबब सुचली.

"पाक हर्योनो, माफ करा हं. आमच्याकडून चूक झाली असावी. तुमच्या पिशवीत अंडं होतं का?"

पाक हर्योनोंचा चेहरा पडला. "होतं. म्हणजे, दोन होती."

"दोन?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम जास्त घातलंत! बल्बबद्दल! मी दोन्ही खाल्ली हो. थांबा, आमच्या कोंबडीचं आहे ताजं." आणि नको नको म्हणत असताना त्यांनी पाक मार्दियोंच्या खिशात एक अंडं सरकवलं. पिशवी मात्र उघडी, रिकामी, खुर्चीवर पडली होती.

म्बाह सिनेमकडे अंडं होतं, पण सुनेला वाटलं यजमानाला कमी पडलंय. तिनेही एक दिलं. पुढच्या घरी नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं की जणू चोरी पकडली गेली होती, आणि दोघांनी मिळून दोन दिली. पाक मार्दियो पुढे चालले की मागे कुजबुज व्हायची. कचेरीतला एवढा माणूस, आणि अंड्यासाठी दारोदार! त्यांच्या आधी फोनवर निरोप पोचू लागला. शेवटच्या काही घरांत तर लोक अंडं हातात घेऊनच दारात उभे होते. प्रत्येक पिशवी तिरक्या डोळ्याने बघून झाली. बेजो कुठेच नव्हता.

राहिलं पाक आरटींचं घर. दोन्ही खिसे फुगलेले, हात अंगापासून दूर धरलेले, असे पाक मार्दियो ओट्यावर उभे राहिले.

"अंडं होतं," बु आरटी दारातूनच म्हणाल्या. त्यांना निरोप पोचला होता.

"मला जरा पिशवी बघता येईल का?"

इतका उद्धटपणा त्या गल्लीत कोणी केला नव्हता. बु आरटी अवाक् झाल्या, आणि अवाक् झाल्यामुळे बाजूला सरकल्या. पाक मार्दियो पहिल्यांदाच त्या घरात आत गेले. पिशवी स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली होती, बिनउघडलेली. सापाच्या घरचं अन्न कोंबड्यांना घालायचं ठरलं असावं. त्यांनी आत पाहिलं. भात, कोंबडी, तेंपे, सांबाल, अंडं.

खुंटीच्या खाली, रात्रंदिवस भात गरम ठेवणाऱ्या कुकरच्या मागे, इस्त्री केलेल्या पांढऱ्या रुमालावर बेजो चेंडूसारखा गोल बसला होता.

बु आरटी किंचाळल्या. इतक्या वर्षांत गल्लीने ऐकलेला तो पहिला सरळ नकार होता. पाक आरटी धावत आले. पाक मार्दियोंनी बेजोला दोन्ही हातांत उचललं, आणि तेव्हा रुमालावर त्याने मागे ठेवलेली गोष्ट दिसली.

पाक आरटींनी खिशातून चष्मा काढला. वाकले. बराच वेळ तपासणी केली. ते नियमाने चालणारे गृहस्थ होते. गल्लीत सापडलेल्या वस्तूची शहानिशा करणं त्यांचं काम होतं.

"यात केस आहेत," ते म्हणाले.

"उंदराचे," पाक मार्दियो पुटपुटले. "याने उंदीर खाल्लाय. पाक, याने खाल्लं!"

"आमच्या स्वयंपाकघरात उंदीर नाहीत!" बु आरटी कडाडल्या.

पाक आरटींनी चष्मा पुसला. "आता नाहीत," ते म्हणाले.

गिळलेला उंदीर असा बाहेर यायला बरेच दिवस लागतात, असं बिमो काहीतरी म्हणाला होता, हे पाक मार्दियोंना अंधुकसं आठवलं. ती आठवण त्यांनी अंड्यांसोबत खिशात ठेवून दिली.

*

"खाल्लं?" वुर्यानीने विचारलं.

"खाल्लं. पाक आरटींच्या घरी. साक्षीदार आहेत."

"मग राहू दे."

तिने एवढंच म्हटलं आणि खिशांतली अंडी काढून टोपलीत रचायला लागली. तिला आणखी थोडं आश्चर्य वाटायला हवं होतं, असं पाक मार्दियोंना वाटलं. पण बायकांना शास्त्रातलं कळत नाही, म्हणून त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं. पिल्लाला घर आपलं वाटणं कसं महत्त्वाचं असतं, आणि चिमट्याने रोज धीराने केलेला सराव शेवटी कसा उपयोगी पडला. तिने सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतलं मीठ झाडून काढलं गेलं. नालेसफाईच्या निमित्ताने. म्बाह सिनेम प्रत्येकाला थांबवून सांगू लागल्या की नाव उतरवलं आणि त्याच दिवशी पोराने शिकार केली. पाक हर्योनोंनी विचारलं, पक्ष्यांचे दाणे उंदीर खातात, तर बेजो एखादी दुपार आमच्याकडे बसेल का. बल्बची सोय आहे. एकामागून एक तीन घरांनी तसंच विचारलं. बु आरटी काही दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी एक नवा पांढरा रुमाल पाठवला, धुवायला नव्हे, वापरायला. आणि पाक आरटींनी नोंदवहीत हाताने रेघ मारून चौथा रकाना पाडला. वर काय लिहायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो मोकळा ठेवला आणि खाली लिहिलं: बेजो, कायम.

कचेरीत पाक मार्दियो आता समोर बसलेल्या अर्जदाराला दाखला देण्याआधी थोडं थांबत, हनुवटीवरची कोवळी दाढी कुरवाळत आणि विचारत, "नव्या घरात जेवण जातंय ना नीट?" ते अजगरांविषयी सल्लाही देऊ लागले होते. धीर धरा, म्हणत. जबरदस्ती करू नका. त्याची वेळ तो ठरवतो.

वुर्यानीने बेजोला उंदराचं पिल्लू भरवलं होतं ते तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाक मार्दियो कचेरीला गेल्यावर.